अँटिबायोटिक बॅक्टेरियाच्या आत किती वेगाने शिरतं ते मोजायचंय, सोलापुरात बसून जमेल का?

पेट्रीडिश
नमस्कार मंडळी. एमएस्सी मायक्रो, सेकंड इयर, मुक्काम सोलापूर. प्रोजेक्टसाठी ई. कोलायचे दोन स्ट्रेन घेतलेत, दोन्हीत बीटा-लॅक्टमेझ (बीटा-लॅक्टम जातीची अँटिबायोटिक फोडणारं एन्झाइम) बनवणारा तोच प्लाझमिड (डीएनएचा जादा तुकडा) आहे. पेशी फोडून एन्झाइम मोजलं तर दोन्हीकडे आकडा जवळपास सारखाच येतो, पण प्लेटवर सेफाझोलिनची (हे बीटा-लॅक्टम जातीचंच अँटिबायोटिक) डिस्क लावली की एकाचा झोन (डिस्कभोवती जंतू न वाढलेली जागा) चांगला दिसतो आणि दुसऱ्याचा जवळजवळ नाहीच. डिपार्टमेंटमध्ये विचारलं तर "पर्मिॲबिलिटी कमी झाली असेल, पोरिन गेलं असेल" (म्हणजे पडदा औषध कमी सोडत असेल, त्यातली भोकं गेली असतील) एवढं उत्तर मिळालं आणि चहा आला. मला ते "असेल" नकोय, मोजायचंय. यूव्ही-व्हिज स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, सेंट्रिफ्यूज आहे, पेशी फोडायचा सोनिकेटर शेजारच्या डिपार्टमेंटमधून मागून आणावा लागतो. एलसी-एमएस वगैरे महागडी यंत्रं स्वप्नात पण नाहीत. एवढ्यावर औषध बाहेरच्या पडद्यातून किती वेगाने आत जातं ते खरंच मोजता येतं का, की पुण्या-मुंबईला सॅम्पल पाठवण्याशिवाय इलाज नाही?

पार्कचौक
सोलापूर वाचून आत आलो, बाकी काय कळलं नाही बे. पण चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (पॉपकॉर्न कुठले, शेंगाच.)

जुळेसोलापूरकर
बेटा प्रश्न चांगला दिसतोय, त्यात माझा पण एक घुसडतो, राग मानू नको. मी टेक्स्टाइलमधला रिटायर्ड माणूस. मिसेसला युरिन इन्फेक्शन झालं, कल्चर रिपोर्टमध्ये ई. कोलाय निघाला आणि खाली औषधांची ही मोठी यादी, कुणापुढे एस, कुणापुढे आर. मेव्हण्याला ऑपरेशननंतर जखमेला व्हँकोमायसिन दिलेलं, सगळे म्हणायचे हेच सगळ्यात हाय पावर. ते या यादीत नावालासुद्धा नाही. एवढं भारी औषध असताना डॉक्टर साध्या गोळ्या का देतात?

डॉ_सातरस्ता
काका, डॉक्टरांनी बरोबरच केलंय. व्हँकोमायसिन ई. कोलायवर चालतच नाही, म्हणून लॅब तपासत पण नाही. ते काम करतं पेशीभित्तिकेवर, आणि भित्तिका ई. कोलायला पण असते, पण तिच्या बाहेरून आणखी एक पडदा असतो, आउटर मेंब्रेन. ग्रॅमने १८८४ मध्ये रंग लावून जे दोन गट पाडले त्यातल्या ग्रॅम-निगेटिव्ह गटाकडे हा जादा पडदा आहे, मेव्हण्याच्या जखमेतले जंतू बहुधा ग्रॅम-पॉझिटिव्ह असणार, त्यांच्याकडे तो नसतो. पडद्यात पोरिन नावाची प्रोटीनची भोकं असतात आणि ई. कोलायच्या भोकांतून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचेच (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) रेणू जातात. व्हँकोमायसिन आहे जवळपास १४५० चं. बाहेरच राहतं. त्यामुळे हाय पावर-लो पावर असं काही नसतं, पोचतं की नाही आणि पोचल्यावर टिकतं की नाही एवढंच.

आणि तुमचा प्रश्न धाग्याला सोडून मुळीच नाही. रिपोर्टवरचा आर आम्हाला एवढंच सांगतो की अमुक प्रमाणात औषध असूनही जंतू वाढला. आत शिरलं नाही, शिरून फुटलं, का शिरून परत बाहेर फेकलं गेलं, यातलं काहीच त्यात नसतं. गोळ्यांचा कोर्स मात्र पूर्ण करायला सांगा.

हिप्परगा
पेट्रीडिश, जमतं. आणि तुझ्याकडे जे दोन स्ट्रेन आहेत ना, ते या कामासाठी मुद्दाम मागवावे असे आहेत. जरा लांबडं लिहितो. मी मूळचा आपल्याकडचाच, बरीच वर्षं बाहेर असतो आणि पोटापाण्याचं काम पडद्यांशीच आहे.

आधी अडचण काय ते बघ. बाहेरचा पडदा आणि आतला पडदा यांच्यामध्ये पेरिप्लाझम नावाची बारीकशी फट आहे. आपल्याला हवं ते त्या फटीत औषध किती पोचलं ते. पण फट इतकी लहान की तिथून सॅम्पल काढणं शक्यच नाही. पेशी औषधात बुडवून, धुऊन, फोडून आतलं औषध मोजायचं म्हटलं तर बाहेर चिकटलेलं किती, फटीतलं किती, पार सायटोप्लाझममधलं किती, सगळं एकत्र मोजलं जातं, आणि धुता धुता फटीतलं बाहेर निघून जातं ते वेगळंच.

१९७७ मध्ये झिमरमन आणि रोसेले या दोघांनी यावर जो मार्ग काढला तो मला आजही फार आवडतो. ते म्हणाले फटीतलं औषध मोजूच नका. तिथे बीटा-लॅक्टमेझ बसलेलंच आहे, आत आलेला प्रत्येक रेणू ते फोडतंय, मग फुटण्याचा वेग मोजा. थोड्या वेळात अशी स्थिती येते की जेवढं आत येतं तेवढंच फुटतं. घरच्या टाकीला वरून नळ चालू आहे आणि खालून गळती आहे, पाण्याची पातळी एका जागी थांबली की गळतीचा वेग म्हणजेच नळाचा वेग, टाकीत डोकावायची गरज नाही. (आपल्याकडे नळ किती दिवसांनी येतो हा विषय कृपया इथे नको.)

आता गणित. आत येण्याचा वेग = पी गुणिले ए गुणिले (बाहेरचं प्रमाण वजा फटीतलं प्रमाण). हा साधा फिकचा नियम. पी म्हणजे पर्मिॲबिलिटी कोइफिशंट, तोच तुला हवाय. ए म्हणजे पडद्याचं क्षेत्रफळ, ई. कोलाय आणि साल्मोनेलासाठी सुक्या वजनाच्या दर मिलिग्रॅमला १३२ चौरस सेमी धरतात. फुटण्याचा वेग = मायकेलिस-मेंटेन, म्हणजे औषधाच्या प्रमाणानुसार एन्झाइम किती वेगाने चालतं त्याचं समीकरण, ते तू बीएस्सीलाच घोकलंय. एन्झाइमचं व्हीमॅक्स (जास्तीत जास्त वेग) आणि केएम (ज्या प्रमाणाला वेग त्याच्या निम्मा होतो ते) फोडलेल्या पेशींवर काढायचं, वेग अख्ख्या पेशींवर मोजायचा. त्या वेगावरून फटीतलं प्रमाण उलटं निघतं, ते पहिल्या समीकरणात टाकलं की पी हातात.

मनातले आकडे घेऊन करून दाखवतो. केएम ५० मायक्रोमोलर, व्हीमॅक्स मिनिटाला २०० नॅनोमोल दर मिलिग्रॅम, बाहेर औषध १०० मायक्रोमोलर, आणि अख्ख्या पेशींचा वेग आला २०. म्हणजे एन्झाइम आपल्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्यानेच चाललंय, त्यावरून फटीतलं प्रमाण निघतं साधारण ५.६ मायक्रोमोलर. बाहेर शंभर, आत साडेपाच! आता २० नॅनोमोल मिनिटाला म्हणजे सेकंदाला ०.३३, त्याला १३२ आणि ९४.४ ने भागलं की पी येतो २.७ गुणिले १० चा उणे ५ वा घात, सेमी प्रति सेकंद.

आता तुझ्या दुसऱ्या स्ट्रेनचं पोरिन गेलंय असं समज आणि पी दहापट कमी कर. एन्झाइम तेवढंच. परत सोडवलंस तर आतलं प्रमाण येतं अर्ध्या मायक्रोमोलरच्या आसपास. तुझ्या प्लेटवरच्या दोन झोनमध्ये हाच फरक दिसतोय बहुतेक.

पार्कचौक
टाकीपर्यंत कळलं. उणे पाचव्या घाताला बस सुटली.

पेट्रीडिश
बापरे, हे तर खरंच करण्यासारखं आहे!! म्हणजे सोनिकेटर आणि स्पेक्ट्रोवर भागतंय. दोन शंका. एक, आमच्याकडे नायट्रोसेफिन आहे थोडंसं, एन्झाइमने फुटलं की पिवळ्याचं लाल होतं ते डोळ्यांना पण दिसतं आणि ४८६ नॅनोमीटरला वाचता येतं, ते वापरू का? दोन, पेशी टाकल्या की क्युव्हेट गढूळ होतं, मग रीडिंगचं काय?

कडकभाकरी
शिकवायचं काम करते, ही टेस्ट मुलांकडून करून घेते, म्हणून टंकते.

नायट्रोसेफिन एन्झाइम आहे की नाही बघायला उत्तम, पर्मिॲबिलिटीचा आकडा काढायला मी घेणार नाही. मोठा, पाण्याशी फटकून वागणारा रेणू, पोरिनमधून हळू जातो, त्याचा पी काढून सेफाझोलिनबद्दल काही बोलता येत नाही. ज्या औषधाचा झोन बघितलास त्याचंच मोज. सेफाझोलिनची बीटा-लॅक्टम रिंग फुटली की २६० नॅनोमीटरच्या आसपासचं ॲबसॉर्बन्स घसरतं, सेफालोरिडिनचं पण तसंच, जुन्या कामात तेच जास्त वापरलंय. २६० म्हणजे यूव्ही, त्यामुळे क्वार्ट्झचं क्युव्हेट लागणार, प्लॅस्टिकचं चालणार नाही. आणि औषधाचं प्रमाण वाढवलं की रीडिंग आकाशाला भिडतं, त्यासाठी १ मिलिमीटर पाथचं क्युव्हेट मिळतं का बघ. गढूळपणासाठी तेवढ्याच पेशी औषधाशिवाय रेफरन्समध्ये ठेव, आणि पेशी गच्च भरू नकोस.

आता खरी गोम. गळती. अख्ख्या पेशींमधून थोडं एन्झाइम बाहेर सांडलेलं असतंच, आणि बाहेर सांडलेल्या एन्झाइमला पडदाबिडदा काही आडवा येत नाही, ते पूर्ण वेगाने औषध फोडत बसतं आणि तुला वाटतं पेशी काय झकास आत घेतायत. म्हणून दर वेळी, दर वेळी म्हणजे दर वेळी, त्याच पेशी सेंट्रिफ्यूज करून वरच्या पाण्यात एन्झाइम किती आहे ते मोजायचं आणि तो वेग वजा करायचा. बरेच जण हे एकदाच करतात आणि तोच आकडा सगळीकडे चिकटवतात.

गळती कमी ठेवायची तर: पेशी लॉग फेजमधल्या (जोमाने वाढत असलेल्या) घे, रात्रभर वाढवलेल्या नको. बफरमध्ये ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड टाक, कारण बाहेरच्या थरातले एलपीएसचे (चरबी आणि साखरेचे) रेणू मॅग्नेशियमनेच एकमेकांना धरून असतात (मॅग्नेशियम ओढून घेणारं ईडीटीए टाकलं की पडदा का विस्कटतो ते यावरूनच कळेल). व्होर्टेक्सवर दणादणा फिरवू नकोस. बर्फात ठेवायचा मोह होतो, तो पण टाळ, रूम टेंपरेचरला धू. आणि रूम टेंपरेचर म्हणजे प्रोटोकॉलमधलं २५, मे महिन्यातलं सोलापूरचं बेचाळीस-त्रेचाळीस नाही. लाईट गेली की एसी बंद, एसी बंद की प्रयोग बंद, सकाळी सातला जाऊन उरकायचं.

डॉ_सातरस्ता
मॅडम, टेंपरेचरवरून आठवलं, वाढवताना पण फरक पडतो ना?

कडकभाकरी
पडतो आणि चांगलाच पडतो. ई. कोलायकडे मुख्य दोन पोरिन, ओम्पएफ आणि ओम्पसी. एफचं भोक जरा मोठं, सीचं त्याहून अरुंद. मीठ जास्त किंवा तापमान जास्त असलं की पेशी एफ कमी करते आणि सी वाढवते. म्हणजे माणसाच्या अंगात सीचंच राज्य. पातळ, बिनमिठाच्या न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये वाढवलेली तीच पेशी एकदम सढळ होते. त्यामुळे पेट्रीडिश, दोन्ही स्ट्रेन एकाच ब्रॉथमध्ये, एकाच तापमानाला, आणि तो ब्रॉथ कुठला हे थिसिसमध्ये ठळक लिही. पोरिन खरंच गेलंय का ते बघायला पडद्याचं प्रोटीन काढून जेल (प्रोटीन आकाराप्रमाणे वेगळी करणारा) चालव, ३५ ते ४० किलोडाल्टनच्या पट्ट्यात दिसतील. एफ आणि सी साध्या जेलवर एकमेकांना चिकटून येतात, जेलमध्ये युरिया घातला तर वेगळे होतात.

चिंचोळी_एमआयडीसी
क्यूसीमध्ये आहे, बॅक्टेरियाशी संबंध फक्त स्टेरिलिटी टेस्टपुरता. सेफाझोलिनसाठी मेडिकलमधली इंजेक्शनची व्हायल घेणार असशील तर लेबलवरचं वजन आणि पावडरचं वजन एक नसतं, सोडियम सॉल्ट असतं, पोटन्सी धरून मोलर काढ. शक्यतो स्टँडर्डच मागव. आणि ताजं करून वापर.

माझा प्रश्न वेगळाच आहे. एवढं सगळं माहितीये, ६०० डाल्टन, भोक एवढं-एवढं, मग कंपन्या सरळ छोटे रेणू का नाही बनवत? त्यांच्या रेणूंच्या साठ्यात, लायब्ररीत, लाखो रेणू पडलेले असतात.

हिप्परगा
बनवतात की, पण नुसतं छोटं असून भागत नाही. ओम्पएफची क्रिस्टल रचना १९९२ मध्ये आली, त्यात दिसलं की भोक मध्यावर आवळलेलं आहे, साधारण ७ बाय ११ अँगस्ट्रॉम. आणि त्या आवळलेल्या जागी एका भिंतीवर आर्जिनिनचे धन प्रभार, समोरच्या भिंतीवर ॲस्पार्टेट-ग्लुटामेटचे ऋण. मध्ये जोरदार विद्युत क्षेत्र. तिथून जायचं तर रेणूने नीट वळून, आपले प्रभार जुळवून जावं लागतं. अंगावर दोन्ही प्रभार असलेले रेणू, सेफालोरिडिन किंवा इमिपेनेमसारखे, झटकन जातात. जादा ऋण प्रभारवाले हळू. तेलकट रेणू तर आणखी हळू, आणि कंपन्यांच्या लायब्ररीत बहुतेक माल तेलकट असतो कारण तो माणसाच्या पेशींसाठी बनवलेला.

हे जुनं ज्ञान आहे तसं. पेनिसिलिन जी ई. कोलायवर फारसं चालत नव्हतं, त्यावर एक अमिनो गट बसवला आणि अँपिसिलिन झालं, १९६१ मध्ये बाजारात आलं, आणि ते ग्रॅम-निगेटिव्हवर चालायला लागलं. मग २०१७ मध्ये इलिनॉयच्या हर्गेनरॉदर यांच्या ग्रुपने १८० च्या वर रेणू घेऊन ई. कोलायच्या आत किती साठतात ते एकेक मोजलं आणि काही गुण काढले: अमिनो गट हवा, रेणू लवचिक नको, फुगीर गोळा नको, चपटा बरा. त्यावरून त्यांनी फक्त ग्रॅम-पॉझिटिव्हवर चालणाऱ्या डीऑक्सीनायबोमायसिनला अमिनो गट लावून ग्रॅम-निगेटिव्हवर चालवून दाखवलं. पण हे गुण ई. कोलायचे, सगळ्यांचे नाहीत. स्यूडोमोनासची पोरिन इतकी कंजूष की त्याचा पडदा ई. कोलायच्या दहापट ते शंभरपट कमी औषध सोडतो.

दुसरा रस्ता म्हणजे भोकाच्या भरवशावर न राहणं. सेफिडेरोकॉल, अमेरिकेत नोव्हेंबर २०१९ ला मंजूर झालं, त्याला लोखंड पकडणारा हात जोडलाय. बॅक्टेरियाला लोखंड हवंच असतं, तो स्वतःच्या लोखंड ओढणाऱ्या यंत्रणेने औषध पण आत ओढून घेतो.

जुळेसोलापूरकर
हे वाचून मजा आली. स्वतःच्या हाताने आत घेतो म्हणजे भारीच की ओ.

डॉ_सातरस्ता
६०० च्या नियमाला एक खडा टाकतो. अझिथ्रोमायसिन ७४९ डाल्टनचं आहे आणि आम्ही टायफॉइडला सर्रास देतो, साल्मोनेला पक्का ग्रॅम-निगेटिव्ह. चालतं.

हिप्परगा
कारण ते पोरिनने जात नाही डॉक्टर. त्यावर दोन धन प्रभार आहेत, ते एलपीएसमधल्या मॅग्नेशियमची जागा घेतं, पडदा तिथे सैल होतो आणि ते स्वतःच घुसतं. एरिथ्रोमायसिनवर एकच प्रभार, म्हणून ते या गटावर कच्चं. कोलिस्टिन आणि पॉलिमिक्सिन हीच गोष्ट फार जोरात करतात. म्हणजे ६०० हा आकडा भोकाचा आहे, पडद्याचा नाही.

शंकासुर_बाळीवेस
मला एक कळेना. वर सगळे पडदा पडदा करतायत जणू तोच सगळं अडवतोय. अहो फट एवढीशी आहे म्हणता ना, मग कितीही हळू आलं तरी ती भरायला किती वेळ लागणार? तुमच्याच पीने गुणून बघा.

हिप्परगा
वा, हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी वाटच बघत होतो. बरोबर पकडलंत. पेरिप्लाझम सुक्या मिलिग्रॅममागे अर्धा मायक्रोलिटर धरला तर माझ्या वरच्या आकड्याने आत-बाहेर निम्मी बरोबरी व्हायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. पोरिन गेलेल्या स्ट्रेनला एक सेकंद. ई. कोलाय अगदी मजेत असला तरी दुप्पट व्हायला २० मिनिटं घेतो. एका सेकंदाच्या उशिराने कुणी वाचत नाही! स्यूडोमोनासचा पडदा धरलात तरी हिशोब फार तर मिनिटांत जातो.

बर्कलीचे निकाइदो, ज्यांच्या आणि नाकाए यांच्या कामातून १९७६ ला पोरिन हे नाव पुढे आलं, ते हेच सांगत आले. भोकातून मावणारं औषध बाहेरचा पडदा एकटा रोखू शकत नाही, तो फक्त वेग कमी करतो. पण आत फोडणारं एन्झाइम असेल किंवा बाहेर फेकणारा पंप असेल, तर तो कमी झालेला वेग एकदम महाग पडतो. माझंच उदाहरण घ्या, एन्झाइम काढून टाका, दोन्ही स्ट्रेनमध्ये आतलं प्रमाण शेवटी शंभरच होतं. एन्झाइम ठेवा, एकात साडेपाच आणि दुसऱ्यात अर्धा. पेट्रीडिश, म्हणून सांगतो, थिसिसमध्ये "पोरिन गेल्यामुळे रेझिस्टन्स आला" असं नुसतं लिहू नकोस. प्लाझमिड नसलेले तेच दोन स्ट्रेन पण शेजारी लावून त्यांचे झोन बघ.

डॉ_सातरस्ता
वॉर्डातलं उदाहरण देतो. क्लेब्सिएला नावाच्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूत मुख्य पोरिन दोन, ओम्पके३५ आणि ओम्पके३६. ईएसबीएल एन्झाइम (बीटा-लॅक्टमेझचाच जास्त औषधं फोडणारा प्रकार) असलेला क्लेब्सिएला साधारणपणे अर्टापेनेमला मरतो, ते औषध कार्बापेनेम गटातलं आणि कार्बापेनेम फोडायला हे एन्झाइम फार कच्चं. पण पेशंटवर औषधांचा मारा चालू असताना दोन्ही पोरिन गमावलेला एखादा टिकतो, आणि तेच कच्चं एन्झाइम पुरेसं होतं. रिपोर्टला आर येतो, आणि कार्बापेनेमेझ (कार्बापेनेम फोडणारं खास एन्झाइम) शोधायची टेस्ट निगेटिव्ह. नवीन रेसिडेंट चक्रावून जातात. एन्झाइम बदललं नाही, येण्याचा वेग बदलला.

शंकासुर_बाळीवेस
हां, आता बसलं डोक्यात.

वालचंदमधला_एक
मी पण मायक्रोचा, ज्युनियर. सिप्रोफ्लॉक्सासिनवर असंच करता येईल का? घरात सगळ्यांना माहिती असलेलं औषध, व्हायव्हाला बरं पडेल.

कडकभाकरी
नाही. सिप्रोला फोडणारं बीटा-लॅक्टमेझ नाही, म्हणजे मोजायला घड्याळच नाही. त्याचं काम सायटोप्लाझममध्ये, दोन्ही पडदे ओलांडून. तिथे साठवण मोजतात. सिप्रो यूव्हीत चमकतं, म्हणून पेशी फोडून फ्लुरोमीटरवर बघता येतं. बाहेरचं औषध बाजूला करायला पेशी सिलिकॉन तेलाच्या थरातून सेंट्रिफ्यूजने खाली ओढतात, तेल धुण्याचं काम करतं. पण जो आकडा येतो तो आत येणं वजा पंपाने फेकणं, म्हणजे एसीआरएबी-टोलसी पंपाचा हिशोब त्यात मिसळलेला. पंप नसलेला म्युटंट शेजारी घेतल्याशिवाय त्यातून पडद्याबद्दल काही बोलू नये. सीसीसीपी टाकून पंपाची ऊर्जा तोडतात बरेच जण, पण त्याने पेशीचं बाकी पण बरंच काही बिघडतं, मला ते पटत नाही.

हिप्परगा
मॅडमशी सहमत. आणखी रस्ते आहेत, नावापुरते सांगतो. पोरिन शुद्ध करून लिपोसोममध्ये (चरबीच्या कृत्रिम पिशवीत) बसवायचं आणि रेणू आत गेले की लिपोसोम फुगतो, त्याची ऑप्टिकल डेन्सिटी पडते ते बघायचं. हे तुझ्या स्पेक्ट्रोवर पण होईल पण पोरिन शुद्ध करण्यात वर्ष जाईल. किंवा एकच पोरिन कृत्रिम पडद्यात बसवून त्यातून जाणारा विद्युत प्रवाह मोजायचा, अँपिसिलिन आत अडकलं की प्रवाह क्षणभर पडतो. २००२ मध्ये ओम्पएफवर हे दाखवलं गेलं, बघायला फार देखणं. पण रेणू आत येऊन अडकला हे दिसतं, पलीकडे गेला की आल्या पावली परत फिरला हे त्यात दिसत नाही, त्यावर वाद चालूच असतात. एनपीएन नावाचा चमकणारा रंग पण असतो, पडदा फाटलाय का ते पटकन कळतं, पण औषधाच्या वेगाशी त्याचा संबंध नाही. पेपरात हे सगळे आकडे "पर्मिॲबिलिटी" या एकाच मथळ्याखाली येतात, म्हणून वाचताना आधी मेथड्स वाचावं आणि मग ॲबस्ट्रॅक्ट.

जुळेसोलापूरकर
मिसेसला बरं आहे आता. औषध संपेपर्यंत दिलं. मेडिकलवाला म्हणत होता परत त्रास झाला तर डायरेक्ट या, चिठ्ठीची गरज नाही.

डॉ_सातरस्ता
काका, चिठ्ठीशिवाय नको. पाकिटाच्या मागे उभी लाल रेघ असते बघा, २०१६ पासून सरकारने त्याची जाहिरात केलीये, ती असली की स्वतःच्या मनाने नाही. परत त्रास झाला तर आधी कल्चर.

पेट्रीडिश
अपडेट. पुण्याच्या एका लॅबमधून क्वार्ट्झचं १ मिलिमीटरवालं क्युव्हेट उसनं मिळालं, सकाळी सातची शिफ्ट चालू आहे, बाबा सोडायला येतात आणि बडबड करत जातात. बाहेरचं सेफाझोलिन तीन वेगवेगळ्या प्रमाणात ठेवून बघितलं. पहिल्या स्ट्रेनचा पी तिन्ही वेळा जवळपास तोच येतोय, याचा आनंद झालाय!! दुसऱ्याचा मात्र धड एक आकडा येईना. अख्ख्या पेशींचा वेग मुळातच इतका कमी की त्यातला बराचसा भाग सुपरनॅटंटमधल्या (सेंट्रिफ्यूजनंतरच्या वरच्या पाण्यातल्या) एन्झाइमचाच निघतो. वजा केल्यावर जे उरतं ते एका दिवशी काहीतरी, दुसऱ्या दिवशी शून्याच्या खाली. प्लाझमिड नसलेले स्ट्रेन लावले, त्यांचे झोन अगदी सारखे नाहीत पण फरक एवढासाच आहे, हिप्परगा दादा म्हणाले तसं. जेल अजून व्हायचाय. आता टेबलात दुसऱ्या स्ट्रेनसमोर काय लिहू? सरासरी काढू का?

हिप्परगा
तिन्ही प्रमाणांना पी तोच येणं हीच या पद्धतीची परीक्षा आहे, कारण फटीतलं एन्झाइम फोडलेल्या पेशीतल्यासारखंच वागतं हे आपण गृहीत धरलेलं असतं. ते पहिल्यात पार पडलं, छान.

कडकभाकरी
दुसऱ्याची सरासरी काढू नकोस, ती गळतीची सरासरी होईल. गळती वजा करताना जेवढी चूकभूल राहते, तेवढ्या वेगाचा पी काढ आणि टेबलात "यापेक्षा कमी" असं लिही, खाली चिन्ह देऊन. एक्स्टर्नलने विचारलं नेमका आकडा का नाही, तर सुपरनॅटंटची रीडिंग पुढे ठेव. ती रीडिंग वेगळ्या कॉलममध्ये दे, दोन्ही स्ट्रेनची, रोजची रोज. आणि जेल करताना युरिया विसरू नकोस.

पेट्रीडिश
चालेल मॅडम. युरिया आहे आमच्याकडे, ॲक्रिलामाइड संपलंय, सोमवारी येणार म्हणे.